परिचारिकेची उमेदवारी

कोणत्याही व्यवसायाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्यातील थोर व्यक्तींची चरित्रे सहज खुणावतात. परंतु दाराशी अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या नवख्या माणसाला त्या व्यवसायाने कोणते प्रश्न विचारले, कोणते दाखले मागितले, पहिल्या दिवशी कोणते काम सोपवले आणि महिनाअखेर त्याच्या हातावर काय ठेवले, याची विचारपूस केली म्हणजे त्या व्यवसायाचा आणि ज्या समाजात तो रुजला त्या समाजाचाही खरा स्वभाव कळून येतो. रुग्णालयातील परिचारिकेच्या नोकरीला ही कसोटी विशेषच लागू पडते. आज जिल्हा रुग्णालयात किंवा महापालिकेच्या इस्पितळात अधिपरिचारिका म्हणून रुजू होणारी तरुणी नोंदणी-प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि नेमणुकीचा हुकूम घेऊन येते. तिच्या पणजीच्या पिढीतील उमेदवार स्त्री मात्र चारित्र्याचा दाखला, पालकाची संमती आणि बहुधा एखादे मोठे दुःख बरोबर घेऊन आलेली असे. या दोन अर्जांमध्ये शतकाहून अधिक काळाचे अंतर आहे. ते कापताना मुंबई इलाख्यातील स्त्रियांनी काय साधले आणि काय अद्याप साधावयाचे राहिले आहे, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

परिचर्येसाठी दरमहा वेतन घ्यावे ही कल्पनाच आपल्याकडे नवी होती. आजाऱ्याची सेवा हे घरचे कर्तव्य होते आणि ते घरातील स्त्रियांच्या वाट्याला विनातक्रार येत असे. बाळंतपणापुरती सुईण बाहेरून बोलावली जाई. तिचे कौशल्य पिढीजात असे, तिचा मोबदला धान्य आणि लुगडे-खण यांच्या रूपाने दिला जाई, परंतु रक्त, पू आणि मलमूत्र यांना स्पर्श करणाऱ्या हाताला विटाळाच्या कल्पनेने प्रतिष्ठा नाकारली होती. रुग्णालय म्हणजे ज्याला घरदार नाही त्याने अखेरचे दिवस काढण्याची जागा, अशीच लोकांची समजूत होती. १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्याने आणि कंपनी सरकारच्या साहाय्याने भायखळ्यास त्यांच्या नावाचे रुग्णालय उघडले. त्याच वर्षी त्याच्या शेजारी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि डॉक्टर घडवण्याची पद्धतशीर तजवीज झाली. परंतु त्या डॉक्टरांच्या सूचना रात्रंदिवस अमलात आणणाऱ्या हातांच्या शिक्षणाची सोय होण्यास आणखी सुमारे चाळीस वर्षे जावी लागली. १८६७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यात रुग्णालय उभे राहिले, तेव्हाही प्रशिक्षित परिचारिका ही या प्रांतात दुर्मीळच होती. वॉर्डातील पडेल ते काम आया आणि हमाल करीत, आणि उरलेले रुग्णाच्या नातलगांवर येई.

या स्थितीत बदल घडवून आणणारी कल्पना इंग्लंडमध्ये आकाराला आली. क्रिमियाच्या युद्धात १८५४ पासून जखमी सैनिकांची व्यवस्था पाहिलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांसाठी प्रशिक्षणशाळा काढली. शाळेत येऊ इच्छिणाऱ्या स्त्रीकडून जो छापील अर्ज भरून घेतला जाई, त्यात नाव, वय, उंची, वजन, लिहितावाचता चांगले येते काय, शरीरात काही व्यंग आहे काय असे प्रश्न होते. आणि त्यांच्याबरोबरच उमेदवार अविवाहित आहे की विधवा, विधवा असल्यास तिला मुले किती व त्यांच्या निर्वाहाची सोय काय, हेही विचारले जाई. नवरा असलेल्या स्त्रीला त्या कागदावर जागाच नव्हती. पंचवीस ते पस्तीस हे वय इष्ट मानले जाई. निवड झालेल्या स्त्रीला राहण्याची जागा, जेवण, गणवेश आणि वर्षाकाठी दहा पौंड मिळत. ती एक वर्ष शिके आणि नंतर ठरावीक वर्षे, संस्था नेमून देईल त्या रुग्णालयात नोकरी करण्यास बांधलेली असे. तिच्या वर्तनाची आणि कौशल्याची नोंद नियमितपणे ठेवली जाई, आणि तिच्यावर अंमल मेट्रनचा चाले.

या योजनेत दोन गोष्टी पहिल्यापासून एकत्र विणल्या गेल्या होत्या, आणि पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज त्यांत आहे. एक गोष्ट मुक्त करणारी होती: परिचर्या हे शिकण्याचे, परीक्षेने सिद्ध करण्याचे आणि वेतनाने मोजण्याचे काम आहे, आणि प्रतिष्ठित घरातील स्त्रीने ते उजळ माथ्याने करावे. दुसरी गोष्ट बांधून ठेवणारी होती: शिकणारी स्त्री शिकता शिकताच रुग्णालयाचे काम उरकून देईल, आणि शिक्षणाचे ऋण आपल्या पुढील वर्षांनी फेडील. पहिल्या गोष्टीने परिचारिका घडली. दुसऱ्या गोष्टीने रुग्णालयांना स्वस्तात मनुष्यबळ मिळण्याचा मार्ग सापडला. जगभर ही योजना ज्या ज्या ठिकाणी गेली, त्या त्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी तिच्याबरोबर गेल्या.

नाइटिंगेल बाई हिंदुस्थानात कधीही आल्या नाहीत. परंतु येथील सैन्याच्या आणि रयतेच्या आरोग्याचा त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला. बेहरामजी मलबारी यांचे दयाराम गिदुमल यांनी लिहिलेले चरित्र १८९२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला त्यांनी प्रस्तावना लिहिली. याच मलबारींनी आणि दयाराम गिदुमलांनी पुढे १९०८ मध्ये मुंबईत सेवासदनाची स्थापना केली. परिचारिकेच्या नोकरीचा दरवाजा मराठी स्त्रियांसाठी उघडण्यात त्या नावाच्या संस्थांचा जो वाटा आहे तो पाहता, या प्रस्तावनेला केवळ शिष्टाचारापलीकडचे महत्त्व येते.

मुंबईत या कार्याचा पाया प्रथम धर्मसंघाच्या भगिनींनी घातला. इंग्लंडहून आलेल्या ऑल सेंट्स संघाच्या भगिनी १८७८ पासून या शहरात होत्या आणि येथील मोठ्या रुग्णालयांतील परिचर्येची व्यवस्था त्यांच्या देखरेखीखाली आली. वॉर्डात आजही रूढ असलेले ‘सिस्टर’ हे संबोधन त्या काळापासून आपल्या कानांना परिचयाचे झाले. १८८६ च्या सुमारास जे. जे. रुग्णालयात परिचारिकांचे नियमित प्रशिक्षण सुरू झाले. त्याच वर्षी पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया आणि बालके यांच्यासाठीचे कामा रुग्णालय उघडले. जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी उभारलेल्या निधीतून डॉ. एडिथ पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या होत्या. त्या रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली आणि तेथे परिचारिकांना शिक्षण देण्याची व्यवस्थाही केली. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांची संख्या त्या काळी थोडी नव्हती. स्त्री-डॉक्टरची निकड त्यामुळे सर्वांना पटली. पण स्त्री-डॉक्टर एक, आणि तिच्या मागे तिच्या शब्दाप्रमाणे वागणाऱ्या शिक्षित स्त्रिया दहा, असे झाल्याशिवाय रुग्णालय चालत नाही, हे ज्ञान प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनाच झाले. भारतीय परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत १८९१ या वर्षाखाली एक नाव आवर्जून नोंदलेले असते: प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका बाई काशीबाई गणपत. तिच्या आयुष्याविषयी पाठ्यपुस्तके मौन पाळतात. ज्या वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्या-मुंबईच्या सभा दणाणून गेल्या होत्या, त्या वर्षी एक मराठी नावाची स्त्री परक्याच्या अंथरुणाशी उभे राहण्याचे शिक्षण घ्यावयास गेली, ही एकच गोष्ट तिचे नाव जतन करण्यास पुरेशी आहे.

यानंतर पाचच वर्षांत मुंबईवर प्लेगचे संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी रोगाचे निदान केले आणि सक्तीने रुग्ण हलवण्याचे सरकारी हुकूम सुटू लागले. लोकांची रुग्णालयाविषयीची भीती त्या दिवसांत पराकोटीला गेली. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. जो आत जातो तो परत येत नाही, अशी त्यांची समजूत झाली होती. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा प्लेगग्रस्तांची सेवा करतानाच अंत झाला. हडपसरजवळ त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रुग्णांना घेऊन जात होत्या. कोणत्याही रुग्णालयाच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते. अशा संकटकाळी माणसाला औषधाइतकीच आपल्या भाषेत बोलणाऱ्या, आपल्या रीतिभाती जाणणाऱ्या परिचारिकेची गरज असते, हा धडा प्लेगने या प्रांताला शिकवला. परदेशातून आणलेल्या थोड्याशा परिचारिकांवर इलाख्याची गरज भागणार नाही, आणि येथल्याच स्त्रियांना शिकवावे लागेल, हे त्या साथीनंतर कोणालाही नाकारता येईना.

परंतु येथल्या स्त्रियांनी अर्ज करावा कसा? इंग्लंडमधील छापील अर्जातील ‘अविवाहित की विधवा’ हा प्रश्न महाराष्ट्रात येताच वेगळा अर्थ धारण करी. येथे मध्यमवर्गात प्रौढ अविवाहित स्त्री जवळजवळ नव्हतीच; आणि विधवा होत्या त्या वयाने कोवळ्या, शिक्षणाने निरक्षर किंवा अल्पशिक्षित, आणि घराच्या माजघरात आयुष्य काढण्याची शिक्षा भोगणाऱ्या. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ मध्ये निघाले, धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला, आणि या प्रयत्नांतून विधवेला साक्षरता व स्वाभिमान मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र शिकलेल्या विधवेने पुढे करावे काय, या प्रश्नाची दोनच उत्तरे तेव्हा दिसत होती: शिक्षिका होणे किंवा परिचारिका होणे. पहिल्याला समाजाची संमती लवकर मिळाली. दुसऱ्यात परपुरुषाच्या देहाला स्पर्श होता, रात्रपाळी होती, सर्व जातींच्या रुग्णांची उष्टी-खरकटी होती. म्हणून संमतीला फार विलंब लागला.

हा विलंब दूर करण्याचे श्रेय पुण्याच्या सेवासदनाला द्यावे लागेल. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी ही संस्था उभी केली आणि तेथील स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण घेण्यास पाठवण्याचा उपक्रम हाती घेतला. या कार्यकर्त्यांची दूरदृष्टी अशी की, अर्जाच्या आड येणारी खरी अडचण त्यांनी नेमकी ओळखली. मुलीला बुद्धी नव्हती असे नाही आणि धैर्य नव्हते असेही नाही. ती रात्री झोपेल कोठे, तिचे जेवण कोण रांधील, आणि गावात तिच्याविषयी कोणी वावगा शब्द काढला तर तिच्या बाजूने बोलेल कोण, या तीन प्रश्नांपाशी सगळे अडत होते. सेवासदनाने परिचारिकांसाठी वसतिगृह चालवले आणि रमाबाईंच्या नावाची पुण्याई त्या मुलींच्या मागे उभी केली. न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी जिची जामीन राहते, तिच्या चारित्र्यावर शंका घेण्याचे धारिष्ट लोकांना सहजासहजी होत नसे. सुधारणेच्या इतिहासात व्याख्यानांची आणि ठरावांची नोंद अधिक होते. पण एका सुरक्षित वसतिगृहाने जेवढ्या स्त्रियांचे अर्ज शक्य केले, तेवढे शंभर व्याख्यानांनी केले नसते.

सेवासदनातील हिंदू विधवांच्या कितीतरी आधीपासून या व्यवसायात उतरलेल्या स्त्रियांना विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. अँग्लो-इंडियन, गोव्याच्या आणि वसई-साष्टीच्या ख्रिस्ती, पारशी आणि बेने इस्राएल स्त्रियांनी मुंबईच्या रुग्णालयांचे वॉर्ड सांभाळले. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उघडलेल्या मिशन रुग्णालयाने दक्षिण महाराष्ट्रात शस्त्रक्रियेची कीर्ती पसरवली; अशा मिशन रुग्णालयांतून दुष्काळात निराधार झालेल्या व मिशनने वाढवलेल्या मुलींना परिचर्येचे शिक्षण मिळाले. ज्यांना जातीने शाळेचा दरवाजा बंद होता, अशा घरांतील मुलींच्या हाती प्रथमच एक विद्या आणि दरमहा वेतन आले. हा व्यवसाय ‘ख्रिस्ती बायांचा’ म्हणून ज्यांनी हिणवला, त्यांच्याच घरची माणसे आजारपणात त्या बायांच्या हातून पाणी प्यायली.

आता वॉर्डात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या उमेदवार स्त्रीचा दिवस पाहू. प्रोबेशनर म्हणून दाखल झालेली मुलगी पहाटे उठून, केस घट्ट बांधून, कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख घालून पाळीवर हजर होई. रुग्णाच्या अंगाला औषध लावण्याची परवानगी तिला लवकर मिळत नसे. आरंभी खाटा पुसणे, रुग्णाला न हलवता चादर बदलणे, बेडपॅन देणे व धुणे, फिनेलने कोपरे स्वच्छ करणे, कपाटातील चादरी-अभ्र्यांची मोजदाद करणे, कापूस आणि गॉज कापून ड्रममध्ये भरणे, काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया उकळणे, थर्मामीटरचा पारा वाचून तापाच्या तक्त्यावर ठिपका देणे, एवढेच तिचे विश्व असे. पाठीला फोड येऊ नये म्हणून निजून असलेल्या रुग्णाची कूस कशी व किती वेळाने पालटावी, हे ती याच दिवसांत शिके. आणि जी हे मन लावून शिके, तिच्या हाती पुढे मोठी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण निर्धास्तपणे देता येई. ही कामे क्षुद्र नव्हेत. प्रतिजैविके अस्तित्वात येण्यापूर्वी जंतुदोषापासून रुग्णाचे रक्षण करण्याचे बहुतेक सामर्थ्य याच कामांत होते. काही महिन्यांनी दिवे लावून शपथविधी होई आणि मुलीच्या मस्तकी टोपी चढे. नाइटिंगेल यांच्या नावाने जी शपथ घेतली जाते, ती त्यांनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती तयार केली.

या दिनक्रमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. व्याख्याने दिवसाच्या पाळीनंतर किंवा रात्रपाळी संपवून जागरणाने जड झालेल्या डोळ्यांनी ऐकावी लागत, कारण वॉर्ड ओस पडू देणे शक्य नसे. आणि त्या नसत्या तर वॉर्ड ओस पडला असता, कारण शिकाऊ मुलींच्या श्रमावरच त्याची सगळी भिस्त असे. प्रशिक्षणशाळा हे रुग्णालयाचे अंग, मेट्रन ही शाळेचीही प्रमुख आणि वॉर्डांचीही. तेव्हा रुग्णांची संख्या वाढली की प्रथम वर्ग रद्द होत. शिकणाऱ्या मुलीला स्टायपेंड म्हणून जे मिळे ते कामगाराच्या वेतनापेक्षा थोडे आणि विद्यार्थिनीच्या गरजेपेक्षाही थोडे असे. नाइटिंगेल-योजनेतील ती दुसरी गोष्ट येथे पूर्णपणे प्रकट झाली: रुग्णालयाने मुलीला शिकवले हे खरे, पण त्या मुलीनेच रुग्णालय चालवले हेही तितकेच खरे.

शिक्षण संपल्यावर हाती येणाऱ्या प्रमाणपत्राचे मोल हा त्याहून बिकट प्रश्न होता. प्रत्येक रुग्णालयाची शिक्षणाची मुदत निराळी, परीक्षा निराळी, भाषा निराळी. त्यामुळे एका संस्थेची परिचारिका दुसऱ्या संस्थेत अर्ज करू लागली की तिची सनद कागदाचा तुकडा ठरण्याचे भय असे. १९०५ मध्ये लखनौ येथे परिचर्या-अधीक्षिकांनी आपला संघ स्थापन केला, १९०८ मध्ये भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघ अस्तित्वात आला आणि १९१० पासून त्याचे नियतकालिक निघू लागले. मुंबई इलाख्यात याच सुमारास स्थापन झालेल्या परिचर्या संघाने निरनिराळ्या रुग्णालयांतील शिक्षण व परीक्षा एका सूत्रात आणण्याचा प्रयत्न केला. अखेर १९३५ मध्ये परिचारिका, सुईणी आणि आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा या इलाख्यासाठी झाला. या कायद्याचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच आहे. तोपर्यंत परिचारिकेची लायकी मेट्रनच्या शिफारसपत्रावर आणि पाद्रीसाहेबांच्या दाखल्यावर अवलंबून होती. नोंदणीमुळे ती सरकारी दप्तरात क्रमांक असलेली, कायद्याने ओळखलेली व्यावसायिक झाली. दरम्यान १९२६ मध्ये परळला के. ई. एम. रुग्णालय उघडले होते, आणि त्याला जोडलेल्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात भारतीय अध्यापकच नेमले जावेत अशी दात्यांची अट होती. स्वदेशाभिमानाचे हे वारे वॉर्डांपर्यंतही पोचले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भोर समितीने १९४६ मध्ये देशाच्या आरोग्याची जी कैफियत मांडली, तिच्यातील आकडे आजही मन विषण्ण करतात. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे सात हजार परिचारिका होत्या. त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. परिचारिकांचे कामाचे तास, राहण्याची जागा आणि वेतन यांची अवस्था समितीने शोचनीय ठरवली. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, १९४७ च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि १९५४ मध्ये शेट्टी समितीने परिचारिकांच्या सेवाशर्तींचा स्वतंत्रपणे विचार केला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाच्या परिचर्या महाविद्यालयाचा आरंभ १९६४ चा आहे. ज्या विद्यापीठाचे मूळ विधवांच्या आश्रमापर्यंत जाऊन पोचते, त्याने परिचारिकेला पदवीधर करावे यात इतिहासाची एक सुसंगती आहे. १९६६ मध्ये महाराष्ट्राचा स्वतःचा परिचारिका कायदा आला. केरळातून आलेल्या मुलींनी या काळात मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांना जो हात दिला, तो नसता तर खाटा वाढल्या असत्या आणि परिचर्या तेवढीच राहिली असती.

परंतु कायद्याने सगळे जुने शिरस्ते एका दिवसात मोडले नाहीत. इंग्लंडमधील त्या छापील अर्जाने विवाहित स्त्रीला जी जागा नाकारली, ती नाकारण्याची वृत्ती फार काळ टिकून राहिली. विवाह केला म्हणून लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी स्त्रीला १९८८ मध्ये सेवेतून दूर करण्यात आले. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला, आणि तिच्यावर झालेली कारवाई घटनाबाह्य ठरवून साठ लाख रुपयांच्या भरपाईचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२४ मध्ये. सुरक्षिततेचा प्रश्न याहून दारुण आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी के. ई. एम. रुग्णालयातील कनिष्ठ परिचारिका अरुणा शानभाग हिच्यावर, ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलत असताना, रुग्णालयाच्याच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. मुंबईच्या परिचारिकांनी तेव्हा संप करून सुरक्षिततेची मागणी केली. १८ मे २०१५ रोजी प्राण जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी आपल्या या सहकारी स्त्रीची शुश्रूषा केली. रमाबाई रानड्यांनी ओळखलेला प्रश्न, की कामावर आलेल्या मुलीची रात्र सुरक्षित आहे काय, इतक्या वर्षांनंतरही सुटलेला नव्हता.

आजच्या उमेदवाराचा मार्ग कागदावर तरी सरळ आहे. तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी, राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी, सरळसेवेची स्पर्धा-परीक्षा, कागदपत्रांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि मग रुजू होण्याचा हुकूम. पुढे परिसेविका आणि अधिसेविका या पदांची शिडी. पुरुषही आता या अर्जदारांत आहेत, ही इष्ट गोष्ट आहे. मात्र सरकारी भरती वर्षानुवर्षे रेंगाळते आणि मधल्या काळात उमेदवाराला अल्प मुदतीच्या करारावर किंवा खासगी रुग्णालयात तुटपुंज्या पगारावर उभे राहावे लागते. खासगी रुग्णालयांनी नवख्या परिचारिकांची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवावीत आणि करारनाम्याची भीती घालून त्यांना जखडावे, या प्रकाराविरुद्ध २०११ च्या सुमारास देशातील अनेक शहरांत परिचारिकांना रस्त्यावर यावे लागले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने शिफारस केली की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयातील परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतके वेतन मिळावे, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही ते दरमहा वीस हजारांच्या खाली असू नये. शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, हे परिचर्या परिषदेचे प्रमाण तर कित्येक वर्षांपूर्वीच ठरलेले आहे. कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्री जाऊन खाटा आणि परिचारिका मोजाव्यात, म्हणजे ते किती पाळले जाते हे समजेल.

या सगळ्या इतिहासातून माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. परिचारिकेच्या व्यवसायात जी जी खरी प्रगती झाली, ती नव्याने येणाऱ्या मुलीला आधार दिल्यामुळे झाली: कामा रुग्णालयात कोणीतरी तिला शिकवले, सेवासदनाने तिला निवारा दिला, १९३५ च्या कायद्याने तिला ओळख दिली. आणि जी जी हानी झाली, ती तिच्या नवखेपणाचा फायदा घेतल्यामुळे झाली. पहिल्या सहा महिन्यांत ज्या परिचारिकेला अनुभवी सिस्टरचा हात पाठीशी मिळतो, झेपतील तेवढेच रुग्ण सोपवले जातात, चूक कबूल करता येते आणि रात्री निर्भयपणे वसतिगृहात परतता येते, ती पुढची तीस वर्षे हजारो रुग्णांचा आधार होते. जिला पहिल्याच आठवड्यात चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटी सोडून दिले जाते, ती एक तर परदेशाची वाट धरते किंवा व्यवसायच सोडते, आणि तिच्या शिक्षणावर समाजाने केलेला खर्च व्यर्थ जातो. म्हणून सरकारने रिकाम्या जागा वेळेवर भराव्यात, खासगी संस्थांनी प्रमाणपत्रे अडकवण्याची प्रथा टाकून द्यावी, प्रत्येक रुग्णालयाने नव्या परिचारिकेसाठी सुरक्षित निवास आणि शिकवणाऱ्या ज्येष्ठ परिचारिकेची नेमणूक ही खाट आणि औषध यांच्याइतकीच अनिवार्य मानावी; आणि आपण नागरिकांनी, आपला आप्त रुग्णालयात असताना, समोर उभ्या असलेल्या तरुण परिचारिकेशी आपल्या मुलीशी बोलावे तसे आदराने बोलावे, एवढे मागणे या इतिहासाच्या आधारे मागण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि ते पुरे करण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.